कच्च्या रंगाची गोधडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली त्या नदीने तेव्हापासून दोनदा आपली वाट बदलली. माणसे मात्र फारशी बदललेली नाहीत, म्हणून ही गोष्ट अजून सांगावी लागते.

त्या नदीकाठी तीनशे घरांचे एक गाव होते. गावाला राजा नव्हता. एक घाटप्रमुख होता आणि त्याच्या हातात पितळी कड्यांची एक काठी होती. ती काठी ज्याच्या हाती, तो नदीचा राखणदार. पिण्याचे पाणी कुठे भरायचे, धुणे कुठे धुवायचे, गुरे कुठे उतरवायची, कोणत्या धंद्याला किती पाणी द्यायचे, हे सगळे त्याने ठरवायचे. गावाच्या वरच्या अंगाला नदीचे एक वळण होते. तिथले पाणी खोल आणि स्वच्छ होते. त्या पाण्यात कोणी पायसुद्धा बुडवायचा नाही, असा नियम होता, कारण तेच पाणी पुढे वाहत येऊन गावाच्या घागरीत पडत असे.

दर पाच वर्षांनी होळी झाली की गाव नवा घाटप्रमुख निवडत असे. निवडायची रीत मोठी गमतीची होती. जो उभा राहील, त्याला पसंती म्हणून घराने वीतभर चिंधी द्यायची. ती नव्या कापडाची चालत नसे. घरात वापरलेले, अंगावर विटलेले लुगडे, धोतर, अंगरखा, काहीही चाले. एका घराची एकच चिंधी, आणि तीही एकालाच. उमेदवाराने त्या चिंध्यांची गोधडी शिवायची आणि निवडीच्या दिवशी ती खांद्यावर घेऊन घाटावर यायचे. ज्याच्या गोधडीत चिंध्या जास्त, त्याने ती पांघरून नदीत तीन बुड्या मारायच्या आणि देवळाच्या गुरवबाबांच्या हातून काठी घ्यायची.

पुढची पाच वर्षे थंडीत त्याने तीच गोधडी पांघरायची. म्हणजे रोज झोपताना त्याला आठवे, की आपल्याला ही ऊब कोणामुळे मिळाली आहे. पूर्वजांना अक्कल होती, असे म्हणायला हरकत नाही.

पण चांगल्या रीतीचेही जुन्या दोरीसारखे होते. तुटत नाही, एकेक पीळ सुटत जातो. आधी उमेदवारांनी ढोल लावले. मग मांडव घातले. मग मांडवात जिलब्या आल्या. मग नदीच्या बुड्या गेल्या, कारण जिलब्या खाऊन जाड झालेल्या प्रमुखांना थंड पाणी सोसेना. गुरवबाबा तांब्यातले चार थेंब शिंपडत आणि काठी देत. हे सगळे करायला खर्च येई. तो कोण करतो, हे विचारायची गावाला गरज वाटली नाही. तोंडात जिलबी असताना प्रश्न विचारता येत नाही.

त्या गावात एक रंगशेठ होता. त्याची कापड रंगवायची मोठी रंगशाळा होती. ती गावाच्या खालच्या अंगाला, माळावर होती. तिथे नदीचे पाणी बैलांच्या पाठीवरून पखालींनी आणावे लागे. रंगशेठ त्या पखालींच्या खर्चाला विटला होता. वरच्या वळणावर रंगशाळा हलवली तर पाणी आपोआप हौदात येणार होते, आणि रंगाचे सांडपाणी आपोआप नदीत जाणार होते. एका काठीचा होकार हवा होता, बस.

त्या वर्षी दोघे उभे राहिले. वरच्या आळीतून मोठ्या आवाजाचे अण्णा आणि खालच्या आळीतून गोड बोलणारे दाजी. दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. अण्णांनी लाल मांडव घातला, दाजींनी हिरवा. या वेळी एक नवीन टूम निघाली. अण्णांची माणसे घरोघर लाल कापडाचे ताके वाटू लागली. "वीतभर आम्हाला परत द्या, बाकीचं पोरांना शिवा," असे ती म्हणत. दुसऱ्या दिवशी दाजींची माणसे हिरवे ताके घेऊन आली.

लोक खूश झाले. विटक्या चिंध्या द्यायला नाहीतरी लाज वाटतच होती. बऱ्याच घरांनी दोन्ही ताके ठेवून घेतले आणि दोघांनाही चिंधी दिली. "कोणाचं मन कशाला मोडायचं?" असे एकमेकांना सांगितले.

गावात एक परटीण होती. नवरा गेल्यावर तिने घाटाखालचा धुण्याचा दगड एकटीने चालवला होता. तीनशे घरांचे कपडे तिच्या हाताखालून जात. आणि कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाने बारीकशी खूण करी. कोणाची दोन टिंबे, कोणाचा त्रिशूळ, कोणाची आडवी रेघ. बिब्ब्याची खूण धुण्याने जात नाही. कापड फाटेल पण खूण राहील. तिला लिहिता येत नव्हते, पण अख्खे गाव तिला त्या खुणांवरून तोंडपाठ होते. सगळे तिला मावशी म्हणत.

एके सकाळी अण्णांच्या मांडवातले लाल कापड तिच्याकडे धुवायला आले. तिने ते सात घरांच्या धुण्याबरोबर भिजवले. थोड्या वेळाने पाहते तो सातही घरांची पांढरी धोतरे गुलाबी झालेली. मावशीने कपाळावर हात मारला. दिवसभर ती खारात कपडे घासत बसली. धोतरे काही पुन्हा पांढरी झाली नाहीत. सात घरी जाऊन तिने सात वेळा बोलणी खाल्ली.

चार दिवसांनी दाजींचे हिरवे कापड आले. या वेळी ती शहाणी झाली होती. तिने एक कोपरा वेगळा भिजवला. पाणी हिरवेगार झाले. मग तिने ते कापड उलटे करून उन्हात धरले, किनार बोटांनी चाचपली. वीण तीच, किनार तीच, आणि किनारीत काळ्या धाग्याचे फूलही तेच. लाल काय आणि हिरवे काय, दोन्ही एकाच घरचे होते.

ती तडक रंगशाळेत गेली.

"शेठ, अण्णांचं कापडही तुमचं आणि दाजींचंही तुमचंच?"

रंगशेठ अजिबात दचकला नाही. "माझंच. मला दोघंही सारखे."

"पण ते तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"त्यांनी कशाला बघायचं? दोघांनी माझं बघितलं की झालं." शेठ हसला. "मी कुणाच्याच बाजूचा नाही, मावशी. जो काठी घेईल, त्याच्या बाजूचा."

"आणि रंग असा कच्चा का? रंग धरायला तुरटी घातली नाहीत का कापडाला?"

हा प्रश्न मात्र शेठला खरोखरच मजेदार वाटला. "फुकट वाटायच्या कापडाला तुरटी कशाला घालायची? निवडीपर्यंत टिकला रंग म्हणजे पुरे."

"बदल्यात काय घेणार?"

"काही नाही. वरचं वळण."

मावशीने मनात हिशेब केला. वळणावर रंगाचे हौद बसले तर तिच्या दगडावर रंगीत पाणी येणार, आणि रंगीत पाण्यात धुणे होत नाही. तिची चूल बंद होणार होती. त्याहून वाईट म्हणजे तेच पाणी गावाच्या घागरीत जाणार होते. तिने सात धोतरे बिघडताना पाहिली होती. पोटाची आतडी काही खारात घासता येत नाहीत.

"मग मीच उभी राहते," ती म्हणाली.

शेठने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि आत हाक मारली. एक गडी पिवळ्या कापडाचा ताका घेऊन आला. "राहा की. पिवळा रंग तुझा. तुझा मांडवही मीच घालतो."

तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते, हे मी विचारत नाही. ताका जड होता आणि तिच्या अंगावरचे लुगडे तीन ठिकाणी शिवलेले होते. तिने ताक्यावरून हात फिरवला. मग तो गड्याच्या हातात परत दिला आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी धुणे पोचवताना ती दारोदार एकच वाक्य बोलू लागली. "मी उभी आहे. एक जुनी चिंधी द्या."

लोक हसले. "मावशी, तुला ढोल नाही, मांडव नाही, आणि म्हणे उभी आहे." कोणी म्हणाले, "आमची फाटकी वस्त्रं घाटावर मिरवतेस होय? गावात कुजबूज काय कमी आहे?" तिने वळणाची गोष्ट सांगितली तेव्हा लोक म्हणाले, "छे, अण्णा असं करणार नाहीत." खालच्या आळीत म्हणाले, "छे, दाजी असं करणार नाहीत." तरी काही दारे उघडली. ज्यांची धोतरे गुलाबी झाली होती त्या सातांपैकी पाच घरांनी चिंधी दिली. पाणी भरणाऱ्या काही बायांनी पदराचा कोपरा फाडून दिला. एका म्हातारीने मेलेल्या नवऱ्याच्या मुंडाशाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "हा माणूस कुणाचं फुकट खात नव्हता."

दिवसभर धुणे झाले की मावशी ओट्यावर बसून गोधडी शिवी. निवडीच्या दिवसापर्यंत त्रेसष्ट चिंध्या झाल्या. एका माणसाच्या अंगाला जेमतेम पुरेल एवढी गोधडी.

निवडीचा दिवस उजाडला. सगळे गाव घाटावर लोटले. अण्णांची लालभडक गोधडी इतकी मोठी झाली होती की तिची मागची टोके दोन गडी धरून चालत होते. दाजींची हिरवी गोधडी तिच्याहून बोटभर लहान. दोन्हींत अडीचशेच्या वर तुकडे होते. तीनशे घरांच्या गावात पाचशेच्या वर चिंध्या कुठून आल्या, हा हिशेब कोणी केला नाही. सगळ्यांनाच उत्तर ठाऊक होते. मावशी आपली गोधडी खांद्यावर टाकून एका कडेला उभी राहिली. पोरांनी तिला पाहून टाळ्या पिटल्या.

गुरवबाबांनी अण्णांचे नाव पुकारले. ढोल वाजले. बाबांनी शिंपडण्यासाठी तांब्या उचलला.

"बाबा," मावशी म्हणाली, "बुड्या?"

ढोल थांबले. म्हाताऱ्या गुरवाने तांब्याकडे पाहिले, मग नदीकडे. त्यांच्या लहानपणी त्यांनी शेवटची बुडी पाहिली होती. "रीत बुड्यांचीच आहे," ते हळूच म्हणाले. "तांब्याची रीत नाही. आळसाची आहे."

गर्दीतून जुनी माणसे म्हणाली, "खरं आहे. बुडी व्हायला हवी."

तेवढ्यात रंगशेठ घाईघाईने पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "कशाला उगाच? पाणी गार आहे. अण्णांना पडसं होईल."

पण अण्णांना गर्दी आवडत असे, आणि गर्दी त्यांच्याकडे पाहत होती. "अहो शेठ, मी काय मिठाचा आहे विरघळायला?" असे मोठ्याने म्हणून ते गोधडीसकट पायऱ्या उतरले आणि नदीत शिरले.

अण्णा विरघळले नाहीत. गोधडी विरघळली.

पहिल्या बुडीला पाण्यावर लाल धार उमटली. दुसऱ्या बुडीला घाटाच्या पायऱ्या लाल झाल्या. तिसऱ्या बुडीनंतर अण्णा वर आले तेव्हा त्यांच्या मिशा, कान, धोतर, सगळे लाल होते आणि खांद्यावर फिकट, विटका, रंग गेलेला लगदा लोंबत होता. कोणी हसले नाही. कारण खालच्या पायऱ्यांवर बायांनी सकाळच्या घागरी भरायला लावल्या होत्या आणि त्या घागरींत लाल पाणी शिरले होते.

दाजींना मात्र आनंद झाला. "बघा, बघा. मी म्हणत नव्हतो? आता काठी माझी." लोक म्हणाले, "आधी बुड्या." दाजींनी शेठकडे पाहिले. शेठने मान खाली घातली. तीनशे घरांच्या नजरा पाठीवर घेऊन दाजी पाण्यात उतरले आणि नखशिखान्त हिरवे होऊन बाहेर आले. लाल आणि हिरवा प्रवाहात एकत्र झाले आणि शेणकाल्यासारखे पाणी सगळ्या घाटावर पसरले.

एक बाई आपली भरलेली घागर उचलून पायऱ्या चढली. तिने ती रंगशेठच्या पुढ्यात ठेवली.

"शेठ, हे तुमचं. प्या."

शेठ मागे सरकला.

"एका दिवसाचं पाणी तुम्ही पिऊ शकत नाही," ती म्हणाली, "आणि आम्ही पाच वर्षं प्यायचं?"

तेव्हा कुठे लोकांना मावशीचे दारोदारचे बोलणे आठवले. गुरवबाबांनी अण्णांची ओली गोधडी हातात घेतली, दाजींचीही घेतली, दोन्ही पायरीवर शेजारी शेजारी पसरली. रंग उतरल्यावर कोणती कोणाची, हे ओळखू येत नव्हते. दोन्हींच्या किनारीत काळ्या धाग्याचे फूल होते. बाबांनी एकेक तुकडा उलटून पाहिला. एकाही तुकड्यावर एकाही घराची खूण नव्हती.

"यात तर गावच नाही," बाबा म्हणाले. "सगळी एकाच घरची चिंधी आहे."

मावशी पाण्यात उतरली. तिने तीन बुड्या मारल्या. तिच्याभोवती पाणी निवळत गेले. शंभर वेळा धुतलेल्या चिंध्या त्या, त्यांचा जायचा तो रंग कधीच गेला होता. ती वर आली आणि तिने गोधडी पायरीवर पसरली. कोपऱ्याकोपऱ्यांत बिब्ब्याच्या खुणा उन्हात चमकल्या.

"हा त्रिशूळ आमचा," एक म्हातारा म्हणाला.

"दोन टिंबं. हे आमच्या आईचं लुगडं," कोणीतरी म्हणाले आणि त्या चिंधीवरून हात फिरवला.

मग जे झाले ते पाहायला मी तिथे असायला हवा होतो. कोणी काही ठरवले नाही, कोणी हाळी दिली नाही. एक माणूस वळला आणि घराकडे धावत सुटला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळा घाटच गावाकडे धावला. घरोघरच्या पेट्या उघडल्या, खुंट्यांवरची वस्त्रे खाली आली, कापड फाटल्याचा आवाज गल्लीगल्लीतून येऊ लागला. परत आले तेव्हा प्रत्येकाच्या हातात वीतभर जुनी चिंधी होती. कोणालाच लाज वाटत नव्हती. ज्या बाया कधी एकमेकींच्या ओट्यावर बसल्या नव्हत्या त्या मांडीला मांडी लावून घाटावर शिवायला बसल्या. सुया कमी पडल्या तेव्हा बाभळीचे काटे वापरले.

अण्णांच्या बायकोनेही आपल्या लुगड्याचा तुकडा आणला. अण्णा लाल होतेच, आणखी काय होणार.

ऊन कलायच्या आत गोधडी तयार झाली. ती घाटाच्या वरच्या पायरीपासून पाण्यापर्यंत पोचत होती. एकट्या मावशीला ती उचलवेना. मग गावाने ती उचलली, चारी बाजूंनी, आणि मावशीला मध्ये घेऊन सगळे गाव नदीत उतरले. तीन बुड्या झाल्या. ढोलवाले कोणाच्या पैशाने आले आहेत हे विसरून जिवाच्या आकांताने वाजवू लागले. गुरवबाबांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून मावशीच्या हातात काठी दिली. तिचे हात सोड्याखाराने फाटलेले होते. काठीवर ते अगदी घट्ट बसले.

रंगशेठ एका बाजूला उभा होता. त्याला वाटले, आता आपल्याला गावातून उठावे लागणार. मावशी ओल्या लुगड्यानिशी त्याच्यासमोर आली.

"शेठ, वरचं वळण मिळणार नाही. तुमची रंगशाळा आहे तिथेच राहील, आणि पखालींनी लागेल तेवढं पाणी मिळेल. गावाला रंगारी हवाच आहे. पण यापुढे फुकटचं असो की विकतचं, कापड पक्कं रंगवा."

"आणि पुढच्या निवडीला?" शेठने खालच्या आवाजात विचारले. "मी काहीच द्यायचं नाही?"

"का नाही? तुमचंही एक घर आहे. एक चिंधी द्या. वापरलेली, खुणेची."

त्या दिवसापासून गावाने नियम केला. गोधडीतल्या प्रत्येक चिंधीवर घराची खूण हवी, आणि शिवण्याआधी ती सगळ्यांसमोर घाटावर मांडायला हवी. मांडव, जिलब्या आणि ताके बंद झाले. अण्णा पुढे दोनदा उभे राहिले, पण मांडवाशिवाय. मधल्या काळात चांगले काम केले म्हणून दुसऱ्यांदा निवडूनही आले. पाच वर्षांनी रंगशेठ आपल्या जुन्या धोतराचा वीतभर तुकडा घेऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे गवंडी होता, मागे गुराखी होता. बिब्ब्याची खूण करून घेताना तो मावशीला म्हणाला, "एवढीशी चिंधी, पण द्यायला बरं वाटतं." आणि नदीने वाट बदलली तरी वळणावरचे पाणी अजूनही इतके स्वच्छ आहे म्हणतात, की तळाचे खडे मोजता येतात.

तात्पर्य: पुढारी सगळ्यांचा हवा असेल, तर त्याची गोधडी सगळ्यांच्या चिंध्यांची हवी; एकाच्या ताक्यात गुंडाळलेला पुढारी त्या एकाचाच असतो.